आमच्या ओटीवरचा देशाचा कौल

आमच्या भागातले कायदेमंडळाचे सभासद ऐन माघात वारले, आणि त्यांचे दिवस पुरे व्हायच्या आत त्यांच्या जागी कुणाला पाठवायचं ते आमच्या ओटीवर ठरूनही गेलं. सरकारने पोटनिवडणूक जाहीर केली ती त्यानंतर. आमच्या ओटीच्या मानाने सरकारला सगळंच उशिरा सुचायचं.

ओटी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. कलेक्टर कचेरीतून शिरस्तेदार म्हणून ते निवृत्त झाले होते, पण निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी नीट सांगितलं नसावं. रोज दुपारी चहाच्या सुमाराला चार-पाच पेन्शनर आमच्याकडे जमत. मुंबईच्या आगबोटीने आलेलं वर्तमानपत्र मधे ठेवलं जाई आणि मग व्हाइसरॉयने कुणाला भेटावं, जर्मनीला कुठे अडवावं, हे सगळं पानसुपारी संपेपर्यंत निकालात निघे. यातल्या बहुतेकांनी चिपळूणच्या पलीकडे जग पाहिलेलं नव्हतं. त्याने त्यांचं काही अडलं नाही.

मी त्या घरातली सून. आमचे हे मुंबईला एका पेढीत कारकून होते. शिमग्याला आणि गणपतीला येत. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. लग्नाआधी मी शिक्षिकेची परीक्षा पास होऊन माहेरगावी दोन वर्षं मुलींना शिकवलं होतं. रत्नागिरीत मुलींच्या शाळेत जूनपासून एक जागा रिकामी होणार होती आणि तिथल्या मुख्य बाईंनी मला दोनदा निरोप पाठवला होता. मामंजी हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. कचेरीत चाळीस वर्षं कागद कसा दाबून ठेवायचा हे शिकलेला माणूस तो. मला शाळेत जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या माझ्या सगळ्या देशकार्यामागे एवढाच स्वार्थ होता.

तर उमेदवार ठरले ते आमचे वकील. आमचे म्हणजे मामंजींचे बालमित्र. खादी घालत, एकदा तुरुंगातही जाऊन आले होते, आणि तिथून येताना आठ पौंड वजन वाढवून आले असं मामंजी त्यांच्या तोंडावर सांगत. इतका सालस माणूस मी वकिलीत दुसरा पाहिला नाही. दोघांचं नावसुद्धा एकच. लहानपणी शाळेत मास्तरांनी त्या नावाने दरडावलं की दोघंही हात पुढे करीत म्हणे. नाव मोठं देवाचं आणि आमच्याकडे घरटी एक. आमच्या आळीत कुणी ते मोठ्याने हाकारलं तर चार दारांतून ओ यायची.

नुकतंच मुंबई इलाख्यात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं होतं आणि वकील मंत्रिमंडळाच्या पक्षाचे. त्यामुळे निवडणूक हा नुसता उपचार होता. समोर उभं राहायलाही कुणी नव्हतं. शेवटच्या दिवशी वकिलांचेच एक भाऊबंद उभे राहिले, नारळ-सुपारीचे व्यापारी. बांधावरच्या एका आंब्यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. तेवढ्यासाठी त्यांनी अर्ज भरला असं सगळे म्हणत. आडनाव अर्थात तेच. नाव मात्र निराळं. त्यांच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून या मुलाचं नाव मुद्दामच ओबडधोबड ठेवलेलं. पांढरपेशा घरांत ते नाव शोधूनही सापडलं नसतं.

नव्या कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोलाही मत मिळालं होतं. यादीत आमची नावं अमक्याची बायको अशीच होती, पण होती. या बायका मत देणार कशा, या विवंचनेत ओटी पडली. तेव्हा दाराआड उभी राहून मी म्हटलं की ते काम माझ्याकडे द्या. मामंजींनी चष्म्यावरून पाहिलं. मग म्हणाले, बायकांची मतं वकिलांना मिळवून दाखव, शाळेचं त्यानंतर बोलू. चार पेन्शनर साक्षीला होते. मी मनात जूनचे दिवस मोजायला लागले.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू हे त्यासाठी देवानेच दिल्यासारखं होतं. रोज कुणाकडे तरी आंब्याची डाळ आणि पन्हं, आणि चाळीस-पन्नास बायका जमलेल्या. बंदरावरच्या मांडवीपर्यंत मी पायी फिरले. तांडेलांच्या आणि खलाशांच्या बायकाही घर नावावर असलेल्या नवऱ्यांमुळे यादीत होत्या. सगळ्यांना मी एकच धडा दिला. आत गेल्यावर साहेबाला चिठ्ठी द्यायची. लिहिता-वाचता येत असेल तर कागदावर फुली करायची. येत नसेल तर साहेबाला हळूच सांगायचं, तो फुली करील. कुणाला घाबरायचं नाही. आणि काही झालं तरी मत वाया घालवायचं नाही. एवढ्या उन्हातून जायचं ते मत न देता परत यायला नव्हे, हे मी इतक्यांदा बजावलं की मला बघून बायका आपणहून ते म्हणायला लागल्या.

चिठ्ठ्यांची युक्ती माझी. साहेब विचारणार, तुम्ही कुणाच्या बायको. आणि आमच्यातली एकही नवऱ्याचं नाव तोंडाने घेणार नाही. तेव्हा मी यादीवरून प्रत्येकीची चिठ्ठी लिहिली, नंबर आणि नवऱ्याचं नाव, म्हणजे चिठ्ठी पुढे केली की काम झालं. मामंजींनी ही युक्ती ओटीवर तीनदा सांगितली. पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांनाही हे सुचलं नसतं, असं एक पेन्शनर म्हणाले. माझ्या अंगावर तेव्हा मूठभर मांस चढलं ते खोटं कशाला सांगू.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या आवारात झाडाखाली उभी होते. बायका नऊवारी नेसून, नथी घालून, लग्नाला निघाल्यासारख्या आल्या. माझ्या सासूबाई सगळ्यांत पुढे. आत कोल्हापूरकडचे कुणी साहेब अधिकारी म्हणून बसवलेले होते. आवाज खणखणीत आणि नियमाला पक्के. बायका आत जाताना पदर चाचपत जात आणि बाहेर येताना सुटल्यासारख्या हसत येत. मी विचारलं की म्हणत, दिलं हो मत, वाया नाही घालवलं. मी माझ्या कागदावर वकिलांपुढे फुली केली आणि घरी येऊन वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवायचं त्याचा विचार करीत बसले.

निकाल लागला आणि वकील पडले. पडले तेही हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या मतांनी. भाऊबंद निवडून आले. त्यांना ही बातमी वखारीत सांगायला माणूस गेला तेव्हा ते नारळ मोजत होते आणि मधे बोलल्याबद्दल त्यांनी त्या माणसाला शिव्या दिल्या म्हणतात.

इथून पुढे काय झालं ते मी कधी विसरणार नाही. आठवडाभरात आमच्या रत्नागिरीची मुंबई-पुण्याच्या सगळ्या वर्तमानपत्रांना एकदम काळजी लागली. मंत्रिमंडळाची हक्काची जागा गेली म्हणजे काय थोडं आहे! एका पत्राने लिहिलं की मंत्रिमंडळ फार घाईने चाललं आहे आणि कोकणाने त्याला थांबवलं. दुसऱ्याने लिहिलं की मंत्रिमंडळ फार हळू चाललं आहे म्हणून कोकण रुसलं. तिसऱ्या पत्राला कुठून तरी कळलं की आमच्या केंद्रावर बायकांची मतं उलटली. तेव्हा कोकणी स्त्री जागी झाली आहे आणि दिल्लीपर्यंत याचे पडसाद उठतील, असा त्याने अग्रलेख घातला. मामंजींनी तो मोठ्याने वाचला. ओटीवर मग दोन पक्ष झाले. एकांचं म्हणणं हे शेतकऱ्यांच्या असंतोषाचं लक्षण. दुसऱ्यांचं, हा व्यापारी वर्गाचा इशारा. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ लंडनमधून यात कुणाचा तरी हात असल्याचं सुचवीत, पण कुणाचा ते सांगत नसत. बांधावरच्या आंब्याचं नाव कुणीच काढलं नाही.

मामंजी बाहेर देशाचं बोलत आणि घरात माझ्याशी बोलत नसत. तो अग्रलेख आल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले की शाळेला नाही कळवून टाकतो. मी वाढत होते. आमटीचं भांडं घेऊन मी आत आले. मला खरंच कळत नव्हतं की बायकांनी असं का केलं. ज्यांच्याकडे पन्हं प्याले त्यांनी तोंडावर गोड बोलून दगा दिला, याचं मला शाळेपेक्षाही जास्त वाईट वाटत होतं.

त्या दुपारी आम्ही दोघी मागल्या पडवीत फणस फोडीत होतो. हाताला तेल, विळीला तेल, आणि सासूबाई गरे काढीत शांतपणे म्हणाल्या की त्यांनीही मत भाऊबंदांनाच दिलं. मी विळीवरून पाय काढून घेतला. त्यांच्या नवऱ्याच्या जिवाभावाच्या मित्राविरुद्ध? का, म्हणून विचारलं.

"मग काय करू गो? तो मेला साहेब म्हणे, नाव सांगा. मी म्हटलं, आमचे वकील. तर म्हणे कागदावर वकील असं लिहिलेलं नाही. आडनाव सांगितलं, तर म्हणे दोघांचं एकच आहे, नाव घ्या. नाव कसं घेऊ मी? ते यांचं नाव."

मी हातातला गरा खाली ठेवला. सासूबाई सांगतच होत्या. मी सुचवणार नाही, तुम्हीच बोलायला हवं, असं साहेब म्हणत होता. मागे बायकांची रांग. उठून यावं तर मी बजावलेलं की मत वाया घालवायचं नाही. तेव्हा जे नाव तोंडाने घेता येत होतं ते घेतलं आणि बाहेर आल्या. शेवटी भाऊबंदच तो, घर एकच, असंही त्यांनी मनाशी म्हटलं होतं.

संध्याकाळी मी देवळाकडे जायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि घरोघरी विचारीत गेले. कुणाच्या नवऱ्याचं ते नाव, कुणाच्या सासऱ्याचं, कुणाच्या थोरल्या दिराचं. सासरा वारून वीस वर्षं झाली तरी त्याचं नाव जिभेवर येत नव्हतं. मांडवीच्या एका तांडेलाच्या बायकोने तर मलाच समजावलं. "दोगं एकाच घरातली ना बाय? मग कोन का येवंदे." सबंध आळीत तोंडी मत देणाऱ्यांपैकी एकीचंच मत वकिलांना पडलं होतं. तिने साहेबासमोर उखाणा घातला आणि उखाण्यातून नाव घेतलं. साहेब आधी गोंधळला आणि मग त्याने फुली केली.

आणि मी? मी शहाणीने चिठ्ठ्या लिहिल्या, फुली शिकवली, महिनाभर पन्ह्याच्या भांड्यांवर भाषणं दिली. पण एका तरी बाईला, बोल पाहू नाव, असं म्हटलं का? नाही. कारण सबंध महिन्यात मीसुद्धा त्यांना आमचे वकील असंच म्हणत होते. ते नाव माझ्या सासऱ्यांचं होतं. मला कुणी नाव विचारलं नाही, मला कागद आणि पेन्सिल मिळाली, म्हणून माझं निभावलं. घरी येताना मला हसू आलं आणि वाटेतच डोळेही भरून आले.

सांगावं की न सांगावं? सांगितलं तर ओटी हसणार, आणि बायकांना मत दिलंच कशाला म्हणून पुढची दहा वर्षं हाच दाखला देणार. न सांगितलं तर आपला धडा चुकला हे मीच लपवल्यासारखं होणार. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वकील स्वतः आले. निकालानंतर पहिल्यांदाच. ओटीवर नेहमीची मंडळी होती, दिल्लीपर्यंत पडसाद नेऊन पोचवीत. वकिलांनी चहा घेतला नाही. दाराकडे तोंड करून त्यांनी मला विचारलं, अगदी हळू.

"सूनबाई, माझं बायकांशी काय वाकडं होतं? तू सगळ्यांत फिरलीस. मला खरं सांग, मी सुधारेन."

त्या माणसाला रात्रभर झोप नसावी. मग मला राहवलं नाही. मी दारात येऊन सगळं सांगितलं. साहेब, आडनाव, उखाणा, माझी चूक, सगळं. सासूबाईंचं तेवढं सांगितलं नाही.

आधी पोस्टवाले गृहस्थ हसायला लागले आणि एकामागून एक सगळी ओटी हसली. वकीलसुद्धा हसले, त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. देशाने नव्हे, नुसत्या बायकांच्या संकोचाने आपल्याला पाडलं, याचं त्यांना सुखच झालं असावं. मामंजी मात्र हसले नाहीत. एवढे अग्रलेख वाचून दाखवले होते त्यांनी. ते म्हणाले की ज्यांच्या तोंडून साधं एक नाव निघत नाही त्या सरकार निवडायला निघाल्या, आणि ही त्यांना शिकवणार. शाळेला आजच नाही म्हणून कळवतो, आणि त्यांनी दौत पुढे ओढली.

सासूबाई माझ्या मागे माजघराच्या दारात उभ्या होत्या. परपुरुष ओटीवर असताना उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या माझ्या खांद्याला हात लावून पुढे झाल्या आणि ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. हाताला दुसऱ्या फणसाचा चीक होता, तो पदराने पुसला. आणि त्यांनी नाव घेतलं. उखाणा नाही, आडपडदा नाही. मामंजींचं नाव, स्पष्ट आणि मोठ्याने, जसं शाळेत मास्तर घेत असतील तसं.

मामंजी आणि वकील, दोघांनीही एकदम मान वर केली.

"मी घेतलं नाव," सासूबाई म्हणाल्या. नजर दौतीवर होती. "त्या दिवशी नाही घेतलं, ती माझी चूक, पोरीची नाही. मीही भाऊबंदांनाच मत दिलं. आता माझं खरं मत घ्या लिहून. सून शाळेत जाईल."

ओटीवर पानाचा डबा मिटल्याचा आवाज झाला. पेन्शनर एकेक करून चपला शोधायला लागले. वकील उठले, सासूबाईंना वाकून नमस्कार करून गेले. मामंजींनी हातातला टाक खाली ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात ते नाव त्या तोंडून उखाण्यावाचून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधून मला सापडला नाही. दौतीला झाकण लावून ते सासूबाईंकडे वळले. मग हलक्या आवाजात, जवळजवळ लाजत, म्हणाले, "पुन्हा एकदा म्हण बघू."

लाल झालेलं तोंड पदरात घेऊन सासूबाई आत निघून गेल्या आणि मी त्यांच्या मागे जाऊन त्यांच्या गळ्यात पडून रडले. जूनच्या पहिल्या सोमवारी मामंजी छत्री घेऊन मला शाळेपर्यंत पोचवायला आले.